चार खांब आणि एक कुंची

दोन हजार बावीस साल. साल चुकायचं कारण नाही. त्याच वर्षी आमच्या परळच्या मोरेश्वर भुवनात गॅसचा पाइप आला, जिन्यापर्यंत येऊन थांबला, आणि त्याच वर्षी मी तीन कामं एकदम हातात घेतली. पाइप पुढे सरकला नाही. माझी कामं मात्र इतकी पुढे गेली की त्यांच्यापायी अख्ख्या इमारतीला टेकू लागले.

तीन कामं एकदम का घेतली, असं मला पुढे बऱ्याच जणांनी विचारलं. त्यात सरकारी ऑफिसातले एक साहेबही होते. त्यांना जे सांगितलं तेच इथे सांगते. विणणाऱ्या बायकांच्या दोन जाती असतात. पहिली जात हातातलं संपवते आणि मगच दुसरं घेते. या बायका डाळींच्या डब्यांनाही चिठ्ठ्या लावतात. त्यांच्याबद्दल मला आदर आहे, पण त्यांच्याकडे चहाला जायला मी कचरते. दुसरी जात सुरू करते. स्वेटरच्या पाठीचा कंटाळा आला की क्रोशा घ्यायचा, क्रोशाने बोट दुखलं की शिवण काढायचं, शिवणात चुकलं की परत स्वेटर. गिरगावात आमच्या शाळेतल्या शिवणाच्या बाई मला म्हणायच्या, "कालिंदी, तुझी सुरुवात फार सुबक असते." पुढचं वाक्य त्या कधी बोलल्या नाहीत. सभ्य बाई होत्या.

तर त्या वर्षी माझा नातू शंतनु स्कॉटलंडला शिकायला गेला. जाताना म्हणाला, "आजी, तिकडे स्वेटर मिळतात." हे वाक्य ऐकून कुठलीही आजी गप्प बसणार नाही. मी दादरला जाऊन बाटलीच्या रंगाची हिरवी लोकर आणली. ती लोकर सुयांवर चढते न चढते तोच आमच्या इमारतीचा सेक्रेटरी अवधूत वर आला. त्याच्या मुलीचं, प्राचीचं, लग्न तुळशीच्या लग्नानंतर होतं. रुखवतात ठेवायला क्रोशाचा मोठा गोल रुमाल हवा होता. "काकू, बाजारातला नको. हाताचा हवा. सगळ्यांना सांगता येतं," असं तो म्हणाला. सांगता यावं यासाठी लोक काय काय करून घेतात. मी हो म्हटलं.

आणि तिसरं काम होतं कुंचीचं. ते खरं काम.

माझ्या बरोबर खाली, पहिल्या माळ्यावर, आनंदराव राहायचे. मूळचे मालवणकडचे, आधी गिरणीत, गिरणी गेल्यावर कुरियर कंपनीत. त्यांची बायको लक्ष्मी माझी मैत्रीण. ती त्याच्या तीन वर्षं आधी गेली. त्यांची एकुलती एक मुलगी दर्शना पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली, म्हणजे बापाकडेच आली. आनंदराव पहाटे उठून शेवग्याच्या पाल्याची भाजी करायचे, आणि मेथीचे लाडू वळायला मला बोलवायचे. मुलगी झाली. दर्शनाचं एकच म्हणणं होतं, बारसं याच खोलीत करायचं. तिचा स्वतःचा पाळणा तिथल्याच तुळईच्या कडीला टांगला होता आणि आई त्याच खोलीत वावरली होती. तिच्या सासूबाई, हेमलताबाई, ठाण्याला बाविसाव्या मजल्यावर राहायच्या. आमचा लाकडी जिना चढताना त्या कठड्याला असा हात लावायच्या की जणू गरम तवा आहे. पण सुनेच्या हट्टापुढे त्यांनी मान तुकवली होती. सव्वा महिन्यानंतर, दिवाळीच्या आधी, बारसं आनंदरावांकडे, असं ठरलं.

दर्शना माझ्याकडे लक्ष्मीची जांभळी इरकल घेऊन आली. साडी विरली होती, पदर तेवढा धड होता. "काकू, याची कुंची शिवशील? आईने शिवली असती. आता तूच शिव," असं म्हणाली. कुंची म्हणजे बाळाच्या डोक्यावरून पाठीवर रुळणारं टोपडं, हे हल्ली सांगावं लागतं. मी पदर हातात घेतला आणि नीट चार घड्या घालून ठेवला. एरवी हे माझ्या बाबतीत होत नाही.

आता ज्यांनी क्रोशाची सुई कधी धरली नाही त्यांच्यासाठी एक गोष्ट सांगून ठेवते, कारण पुढचं सगळं रामायण तिच्यावर उभं आहे. क्रोशात उभ्या टाक्याला खांब म्हणतात. जेमतेम दिसणारा बुटका टाका असतो, तो मुका खांब. माझ्या आईच्या काळापासून हेच शब्द आहेत. गिरगावात त्यांचं कोणालाही काही वाटलं नाही.

गिरगावात माझी धाकटी बहीण इरावती राहायची. तिला कमी ऐकू यायचं, आणि कानाला यंत्र लावलं की म्हातारी दिसते म्हणून ती लावायची नाही. त्यामुळे मी फोन स्पीकरवर ठेवून, दोन्ही हात कामात गुंतवून, घसा ताणून बोलायचे. दार उघडंच असायचं. आमच्याकडे दुपारी दार लावलं तर लोक तब्येत विचारायला येतात. त्या दिवशी रुमाल मांडीवर होता आणि माझं डोकं फिरलं होतं.

"इरा, खालच्या ओळीतले चार खांब गेलेत गं."

"कोण गेलं?"

"खांब. चार. आज नीट मोजले तेव्हा कळलं. मी आपली वर वर चढत गेले आणि आता सगळं एका अंगाला कलायला लागलंय."

"मग वरून सोडव."

"तेच करावं लागणार. वरपासून सोडवत पार तळापर्यंत यायचं. पण आत्ता वेळ कोणाला आहे. राहू दे तसंच."

"टिकेल?"

"लग्नापर्यंत टिकेल. जास्त कोणी हात लावला नाही तर कळायचंही नाही."

"आणि मुके खांब?"

"ते तर मधे घातलेलेच नाहीत. कोणाला कळतंय. अवधूतला मात्र सांगू नकोस. तो बिचारा जगभर सांगत सुटलाय की काम किती पक्कं झालंय."

एवढं बोलून मी फोन ठेवला आणि कंटाळा आला म्हणून स्वेटर घेतला.

आमच्या जिन्याचा एक गुण आहे. वर बोललेलं खाली जसंच्या तसं पोचतं, फक्त कोण बोललं ते पोचत नाही. पहिल्या माळ्याच्या वळणावर दम खायला थांबलेल्या, हातात डिंकाच्या लाडवांचा डबा असलेल्या हेमलताबाईंना वरून कुठल्याशा बाईचा आवाज आला. त्यांनी तो शेवटपर्यंत ऐकला. मग आनंदरावांकडे जाऊन डबा ठेवला, बाळाचा पापा घेतला आणि शांतपणे म्हणाल्या, "आनंदराव, दर्शनाला आणि बाळाला मी ठाण्याला नेते म्हणते. बारसंही तिकडेच करू. हॉल घेऊ."

दर्शनाने कारण विचारलं. त्या आधी डॉक्टर म्हणाल्या, मग डास म्हणाल्या, आणि शेवटी खरं काय ते म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी आनंदराव माझ्या दारात. चेहरा उतरलेला.

"ताई, तुमका काय ठाऊक आसा? बिल्डिंगीचे खांब गेले म्हणतत. खालचे चार."

"काय सांगता काय?"

"विहीणबाईंनी कानांनी ऐकलंय. कोणीतरी आतलीच बाई बोलत होती. अवधूतपासून लपवून ठेवलाहा म्हणे."

आज हे वाचताना लोक हसतील, पण खरं तेच सांगते. माझ्या मनात क्षणभरही आलं नाही की ती आतली बाई मी. मी सगळ्यात आधी तीन कामांच्या तिन्ही पिशव्या दारापाशी आणून ठेवल्या, मग औषधं, मग पासबुक. दिवसभर ज्याला त्याला सांगत सुटले. मच्छीवालीलाही सांगितलं. ती म्हणाली, "मावशी, मग उधारी आजच देता का?" दुपारी अवधूतने इंजिनियर बोलवायचा तक्रारअर्ज लिहून फिरवला, तेव्हा त्यावर सगळ्यात वयस्कर भाडेकरू म्हणून पहिली सही माझी. ठसठशीत. त्याने तो तिथल्या तिथे फोनवरून जुन्या इमारतींच्या सरकारी ऑफिसात पाठवूनही दिला.

संध्याकाळी तळमजल्याच्या बोळात सभा भरली. तळमजल्यावरचे रमाकांत हे निवृत्त ड्राफ्ट्समन, म्हणजे खांबांच्या बाबतीत आमच्यातले सर्वज्ञ. त्यांनी येताना एक गोटी आणली होती. ती त्यांनी फरशीवर ठेवली. गोटी पूर्वेला घरंगळत गेली.

"बघितलंत?" रमाकांत म्हणाले.

मोरेश्वर भुवनातली गोटी मी लग्न होऊन आले तेव्हापासून पूर्वेलाच जाते. माझ्या मुलाचं सगळं लहानपण ती जिन्याखालून काढण्यात गेलं. पण त्या दिवशी ती जाताना पाहून आम्ही सगळे दोन पावलं पश्चिमेला सरकलो.

अवधूत मोबाइलवरून वाचू लागला. "हाती आलेली माहिती अशी. खालच्या ओळीतले चार खांब नाहीत. इमारत एका अंगाला कलते आहे. वरपासून तळापर्यंत सगळं उतरवावं लागेल. आणि मधे मुके खांब घातलेलेच नाहीत." तो थांबला. "रमाकांतकाका, मुका खांब म्हणजे काय हो?"

रमाकांतांनी चष्मा काढला. ज्याला उत्तर ठाऊक नसतं तो माणूस चष्मा काढतो. "मुका खांब म्हणजे," ते म्हणाले, "ठोकला की वाजत नाही तो. आतून भरीव. भूकंपासाठी घालतात. आपल्या काळात ते कंपल्सरी होते. घातले नाहीत म्हणजे फसवणूकच आहे."

मुके खांब हा शब्द कानावर पडला आणि माझ्या डोक्यात जे काही व्हायचं ते झालं. ती आतली बाई मीच होते. माझ्या समोर साठ माणसं, त्यातली काही गॅस बंद करून आलेली, एक जण तर सोन्याची पुरचुंडी कमरेला बांधून. मी हात वर केला.

"अवधूत, ते खांब इमारतीचे नाहीत. रुमालाचे आहेत."

मग रमाकांत सावकाश म्हणाले, "कालिंदीताई, तुम्हाला कोणी भेटून गेलं का?"

"कोण भेटणार?"

"बिल्डरचं कोणी."

मी चाळीस वर्षं टेलिफोन खात्यात काढली. कोणी फुकटचा कॉल लावून घे म्हटलं तर लावला नाही. आणि माझ्यावर हे. मी क्रोशातले खांब, साखळ्या, फेऱ्या सगळं समजावून सांगू लागले. जितकं सांगावं तितकं ते खोटं वाटत चाललं, हे मलाही जाणवत होतं. मागून कोणीतरी म्हणालं, "सकाळी तर हीच सांगत होती पडणार म्हणून." अखेर खरं कोणाला पटलं असेल तर अवधूतला, आणि त्याचा फायदा झाला नाही.

"म्हणजे प्राचीचा रुमाल चुकलाय?" तो म्हणाला. "आणि तुम्ही तो तसाच देणार होतात?"

इमारत उभी आहे याचा आनंद त्या माणसाच्या चेहऱ्यावर कुठे दिसला नाही.

दुसऱ्या दिवशी मी आणि अवधूत तक्रार मागे घ्यायला जुन्या इमारतींच्या त्या ऑफिसात गेलो. अवधूत माझ्याशी बोलत नव्हता, पण रिक्षा नसलेल्या भागात टॅक्सी एकट्याने करणं त्याला परवडत नव्हतं. साहेबांनी अर्ज वाचला.

"मागे कशी घेणार? खांब परत आले का?"

"साहेब, ते गेलेच नव्हते. ते दोऱ्याचे आहेत."

"इथे पहिली सही कोणाची?"

"माझी."

"मग तेव्हा दोऱ्याचे नव्हते?"

मी म्हटलं, पुरावाच दाखवते. पिशवी उघडली आणि ऐटीत टेबलावर उपडी केली. आतून शंतनुचा हिरवा स्वेटर पडला. तीन पिशव्यांपैकी मी चुकीची उचलून आणली होती.

साहेबांनी स्वेटर उलटसुलट करून पाहिला. "यात खांब कुठे आहेत?"

"यात नाहीत. यात टाके आहेत. खांब दुसऱ्या पिशवीत आहेत."

"आणि तिसऱ्या पिशवीत?" त्यांनी अगदी गंभीरपणे विचारलं. मला वाटतं त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं.

मागे घ्यायची सोय नव्हती. धोकादायक इमारतीची तक्रार एकदा आत गेली की पाहणी झाल्याशिवाय बाहेर येत नाही. पाहणीची तारीख मिळवायला पुढच्या खिडकीवर, तिथून वरच्या मजल्यावर, तिथले साहेब रजेवर. मी बाकावर बसून बाही विणायला घेतली. बसून राहायचं तर हात रिकामे कशाला. त्या ऑफिसात मी इतके खेटे घातले की तिथल्या बायका मला ओळखू लागल्या. एक म्हणाली, मनगटाला टाके कमी करा. दुसरी म्हणाली, नका करू, तिकडे हातमोजे घालतात, वर यायला सैल हवी. तिसरीने स्वतःच्या हातावर माप घेतलं. ती उंच होती. मान वर करून पाहिलं तेव्हा बाही माझ्या मांडीवरून खाली गेली होती आणि पाहणीची तारीख मिळाली होती. सरकारी कामाला किती वेळ लागतो हे लोक तोंडाने सांगतात. मी मोजून दाखवू शकते, एक बाही आणि वर वीतभर.

पाहणीला एक तरुण इंजिनियर मुलगी आली. कामाची होती. हातोडीने प्रत्येक खांब ठोकून पाहिला, आणि प्रत्येक ठोक्याला रमाकांत मागून "मुका आहे का?" असं विचारत होते. ती शेवटी म्हणाली, "खांब चांगले आहेत आजी. तुळया मात्र जुन्या झाल्यात. अहवाल येईपर्यंत मी आधार लावायला सांगते. राहायला हरकत नाही." तक्रारीत खालच्या ओळीचा उल्लेख होता, म्हणून आधार बोळात आणि पहिल्या माळ्यावर लागले. आनंदरावांच्या एका खोलीत सात लोखंडी टेकू. ते बिचारे रात्री पाणी प्यायला उठले की एकेकाला धडकायचे आणि सवयीने "सॉरी" म्हणायचे.

त्या टेकूंनी माझं सगळं म्हणणं खोटं पाडलं. हेमलताबाई आल्या, दारातून आत नजर टाकली आणि म्हणाल्या, "आता तर सरकारनेच सांगितलं." मी केलेला सगळा खुलासा त्यांना आनंदरावांकडून पोचला होता. पण रुमालाला कोणी टेकू लावत नाही, असं त्यांचं म्हणणं. ठाण्याचा हॉल ठरला. येत्या रविवारी न्यायला येते, असं त्या सांगून गेल्या.

शनिवारी दर्शना वर आली. बाळ खांद्यावर होतं. "काकू, कुंची राहू दे गं. हॉलमध्ये एसी असतो. मी दुकानातून टोपी आणली आहे." एवढं बोलून ती माझ्या खिडकीतून बाहेर बघत उभी राहिली. ती रडली असती तर मला बरं वाटलं असतं. लक्ष्मीही अशीच होती, सगळं आत.

माझा अपमान अनेकांनी केला होता त्या महिन्यात. रमाकांतांनी, अवधूतने, साहेबांनी. ते मी सोसलं. पण कुंची राहू दे, हे मला सोसवेना. ती खाली गेल्याबरोबर मी मशीनचं झाकण काढलं. पदराचे तुकडे टाचण्या लावून तयारच होते. रविवारी सकाळी शेवटची शिवण घालत होते तेवढ्यात खाली गाडीचं दार वाजलं आणि हेमलताबाईंचा आवाज आला. मी दोरा तोडला, रुमालाची पिशवी उचलली, या वेळी उघडून खात्री केली, आणि धावत जिना उतरले.

खोलीत बॅगा भरून तयार होत्या. टेकूंच्या मधून हेमलताबाई वाट काढत होत्या. मी त्यांच्यासमोर जाऊन रुमाल पसरला.

"हे बघा. हे खांब. हे गेलेले. आणि फोनवर बोलणारी बाई मी."

त्या रुमालाकडे बघेनात. माझ्याकडे बघत होत्या. "कालिंदीताई, तुमच्या पदराला काय लागलंय?"

मी मागे वळून पाहिलं. कुंची मी शिवली होती, चांगली शिवली होती, पण घाईत माझ्या साडीच्या पदरासकट शिवली होती. ती माझ्यामागून जिना उतरून आली होती.

आनंदरावांनी तोंड फिरवलं. त्यांचे खांदे हलत होते. दर्शनाने हसू आवरण्यासाठी बाळात तोंड लपवलं. मी जायला वळले तर हेमलताबाईंनी माझा पदर धरला. "थांबा. ओढू नका, फाटेल." त्यांनी पर्समधून छोटी कात्री काढली, स्टूल ओढलं आणि मला समोर बसवून एकेक टाका उसवायला लागल्या. त्यांच्या हाताला सवय होती, ते लगेच कळलं. मला पळायची सोय नव्हती आणि त्यांना निघायची.

"इरकल जुनी आहे," त्या म्हणाल्या. "कोणाची?"

"लक्ष्मीची," मी म्हटलं. "दर्शनाच्या आईची."

कात्री थांबली. मग पुन्हा चालू लागली, आधीपेक्षा हळू. बाळाला मधे एकदा उचकी लागली.

कुंची सुटली. ती त्यांनी दर्शनाच्या हातात दिली आणि मग स्वतःहून माझा रुमाल उचलला. "याला तुम्ही खांब म्हणता?"

"मग काय म्हणणार?"

"ट्रेबल. मला वसईला शाळेत सिस्टरांनी शिकवलं. आम्ही कधी खांब म्हटलं नाही." त्यांनी चष्मा नाकावर घेतला आणि बोटाने मोजत गेल्या. "आणि चार नाही गेलेत. सहा गेलेत."

"चार."

"सहा. हा बघा, आणि हा."

सहाच होते. मी ते मान्य केलं नाही, पण नाकारलंही नाही.

हेमलताबाई उठल्या. बॅगांकडे पाहिलं, दर्शनाकडे पाहिलं. ती बाळाला कुंची घालून बघत होती. माणसाला चूक मान्य करायची नसते, तिला वळसा घालायला जागा हवी असते. हेमलताबाईंनी ती शोधली.

"आनंदराव, टेकू किती लावलेत इथे?"

"सात असत, विहीणबाई."

"आणि ती मुलगी काय म्हणाली, राहायला हरकत नाही?"

"तसाच म्हणाली."

"आमच्या अख्ख्या टॉवरमध्ये एका खोलीला सात आधार नसतील. यापेक्षा पक्की जागा मला कुठे मिळणार? बारसं इथेच करा. हॉलवाल्याला मी बघते." आणि मग माझ्याकडे वळून, "कुंचीला झालर हवी. अशी बोडकी बरी दिसत नाही. रुमालाच्या बाहेरच्या फेऱ्या चांगल्या आहेत, त्या काढून लावू."

"तो प्राचीचा रुमाल आहे."

"तो असाही कलतोय," हेमलताबाई म्हणाल्या.

बारसं झालं. कडी नेमकी एका टेकूच्या मागे गेली होती, म्हणून आनंदरावांनी पाळणा दोन टेकूंच्या मधे दोरीने बांधला. गिरणीत शिकलेल्या गाठी होत्या, पाळणा तसूभर हलेना. बायकांनी तो हलतोय असं मानून झोके दिले. आत्या बाळाच्या कानात नाव सांगायला वाकली तेव्हा तिचं डोकं टेकूवर आपटलं आणि ती पहिलं जे काही बोलली ते नाव नव्हतं. प्रत्येक बाईला टेकायला आपापला टेकू मिळाला, त्यामुळे कधी नव्हे ते कोणी भिंतीच्या जागेवरून भांडलं नाही. अवधूत येऊन घुगऱ्या खाऊन गेला, पण माझ्याशी बोलला नाही.

सगळे गेल्यावर दर्शनाने झोपलेल्या बाळाची कुंची काढली आणि नाकाशी धरली.

मी म्हटलं, "येतो का गं आईचा वास?"

"नाही," ती म्हणाली. "तुझ्या बामचा येतो." आणि मग मात्र ती रडली, हसत हसत, आणि मला बरं वाटलं.

आता पुढचं थोडक्यात. प्राचीचं लग्न झालं. रुमालाचा जो मधला भाग उरला तो रुखवतात एका तबकाखाली गेला, आणि अवधूत सगळ्यांना सांगत होता की असे छोटेच रुमाल हल्ली चालतात. प्राची बंगलोरला आहे. अवधूत आता माझ्याशी बोलतो. आमच्या तक्रारीचं काय झालं, ते मात्र तो विचारू देत नाही.

शंतनुला स्वेटर पोचला. डाव्या बाहीबद्दल त्याने काही लिहिलं नाही, फक्त फोटो पाठवला, त्यात ती दोनदा दुमडलेली होती. त्याच्याबरोबर शिकणाऱ्या एका मुलीने ती बाही कशी झाली असं विचारलं, त्याने सांगितलं, आणि पुढच्या वर्षी त्यांचा साखरपुडा झाला. रमाकांत वारले. शेवटपर्यंत त्यांचं मत होतं की मी बिल्डरला मिळालेली आहे.

इरा गेली त्यालाही दीड वर्ष झालं. फोन हातात घेऊन मोठ्याने बोलायची माझी सवय गेलेली नाही. हल्ली पलीकडे हेमलताबाई असतात. त्यांना उत्तम ऐकू येतं आणि त्या तसं दर वेळी सांगतात.

तुळया जुन्या असल्याचा अहवाल यायचा तेव्हा आला, आणि चोवीस साली मोरेश्वर भुवन रिकामं झालं. मी मुलाकडे नायगावला आले, आनंदराव वडाळ्याला भाड्याच्या खोलीत. दर्शनाला दुसऱ्या खेपेला मुलगा झाला. त्याचं बारसं ठाण्याला, हॉलमध्ये. आनंदराव नवा शर्ट घालून दारात उभे होते आणि येईल त्याला "या, या" म्हणत होते, जसे आपल्या घराच्या दारात उभे राहून म्हणायचे. पण हॉलच्या दारातून निम्मे लोक वरच्या मजल्यावरच्या लग्नाला चालले होते. आनंदरावांनी त्यांनाही आत घेतलं, पेढे दिले, पाळण्यापर्यंत नेलं. एक वयस्कर जोडपं तर बाळाच्या हातात पाकीट ठेवून, आशीर्वाद देऊन निघालं. दर्शनाने विचारलं, "बाबा, हे कोण?"

"माका काय ठाऊक," आनंदराव म्हणाले. "पण जेवल्याशिवाय सोडू नको."